दुसरा क्लच

गजानन पागनीसांचा डावा पाय घरात कुणाचं ऐकत नसे. संध्याकाळी ते सोफ्यावर बातम्या पाहत बसत आणि पाय आपला फरशी दाबून सोडत असे, दाबून सोडत असे. रिक्षात तर विचारूच नका. फूटी कोठीच्या चौकात सिग्नल हिरवा व्हायच्या आत त्यांची टाच उचललेली असायची.

"अहो, रिक्षाचा क्लच हातात असतो, पायात नाही," लीलाबाई म्हणत. "तुम्हीच सांगितलंय मला."

"मी कुठे काय करून राहिलोय?"

"पाय बघा."

ते पाहत, चमकून पाय मागे घेत, आणि पुढच्या वळणावर तो पुन्हा पुढे गेलेला असे.

चौतीस वर्षं त्यांनी इंदूरला गाडी शिकवली होती. 'पागनीस मोटर ड्रायव्हिंग क्लासेस' अशी पाटी टपावर मिरवणारी पांढरी गाडी सकाळी साडेसहाला लालबागेच्या भिंतीलगत दिसली नाही, तर फिरायला येणारी मंडळी विचारत, मास्तर आजारी आहेत का. बँकेतले बाबू, नव्या सुना, निवृत्त प्राध्यापक, सगळे त्यांच्या उजव्या हाताला बसून शिकले. ते स्वतः डावीकडच्या सीटवर. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही दोन पेडलं होती, एक क्लचचं आणि एक ब्रेकचं. शिकणाऱ्याचा पाय चुकायच्या बेतात आला की मास्तरांचा पाय तिथे आधीच पोचलेला असे. म्हणून त्यांची गाडी कधी चौकात बंद पडली नाही, कधी कुणाला घासली नाही. याचा त्यांना अभिमान होता. दुसरा अभिमान होता लेकीच्या एका वाक्याचा.

शलाका त्यांची एकुलती एक. एकोणीस वर्षांची असताना त्यांच्याकडेच शिकली आणि पहिल्याच परीक्षेत लायसन्स घेऊन आली. मग एका रविवारी एकटीच गाडी काढून निघाली, आणि महू नाक्याच्या सिग्नलवर गाडी चार वेळा बंद पडली. सिग्नल दोनदा हिरवा झाला, दोनदा लाल. शेवटी वाहतूक पोलिसाने आणि एका भाजीवाल्याने गाडी ढकलून कडेला लावली. शलाका चालत घरी आली, चावी टीव्हीशेजारी ठेवली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्याशिवाय ती गाडी चालतच नाही." त्यानंतर ती स्टीअरिंगला बसली नाही. पुढे शाळेत शिकवायला लागली, स्कूटी घेतली. त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली. गजाननराव मात्र ते वाक्य लग्नाकार्यात, बारशांत, नव्या विद्यार्थ्यांच्या पहिल्या दिवशी सांगत आले. आमची लेक काय म्हणाली माहितीये?

आठ महिन्यांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं सगळं स्वच्छ, पण जुन्या फोटोच्या कडा उंदराने कुरतडाव्यात तशा बाजू गेलेल्या. औषधाने आहे तेवढं टिकेल, म्हणाले, गेलेलं परत येणार नाही. रस्त्यावर गाडी नको, शिकवणं तर नकोच. गाडी गौतमपुऱ्याच्या एका माणसाने घेतली. नेण्याआधी त्याने मेकॅनिककडून जास्तीची दोन पेडलं उखडून घेतली. गजाननराव शेजारी उभे होते. पायाचं हे वेड त्या दिवसापासूनचं.

पहाटे साडेपाचला जाग येई आणि जायला कुठेच नसे. ते अन्नपूर्णा रोडने एक चक्कर मारत, घरी येत, चहा घेत, आणि अर्ध्या तासाने पुन्हा चप्पल घालत. भाजी आणायला तीनदा जात. लीलाबाईंनी एकदा मुद्दाम कोथिंबीर सांगितली नाही, चौथ्या खेपेला काहीतरी राहावं म्हणून.

अशाच एका सकाळी ते पोह्यांच्या गाड्यापाशी उभे होते. समोरच्या चौकात दुसऱ्या कुठल्या तरी क्लासची गाडी आचके देत होती. आत एक घाबरलेली बाई. गजाननरावांचा पाय डांबरावर दाबला गेला.

"काका, इथे क्लच नाहीये."

मागे तिशीतला, दाढी राखलेला माणूस उभा होता. नीट दिसायला त्यांना मान जरा जास्त वळवावी लागली. यशवर्धन बुळे. बारा वर्षांपूर्वीचा विद्यार्थी.

"भिया, तू! गाय दिसली की स्टीअरिंग सोडणारा!"

"सगळ्यांसमोर नको ना काका. आता बायको आहे मला."

पोहे संपेपर्यंत त्याने आपला धंदा सांगितला. राऊच्या रस्त्यावर, हेल्मेटच्या दुकानाच्या वर, त्याने गाड्यांच्या शर्यतीच्या गेमची जागा काढली होती. सहा सीटा, प्रत्येकीला खरं स्टीअरिंग, पेडलं, गिअरचा दांडा, समोर स्क्रीन. कॉलेजची मुलं यायची.

"पण सगळे ऑटोमॅटिकवर खेळतात. हाताने गिअर टाकणारा वळणावर त्यांच्या पुढे निघून जातो, हे कळतं त्यांना. पण मॅन्युअल लावलं की दोन मिनिटांत रडतात. घरच्या गाड्या ऑटोमॅटिक, स्कूट्या बिनगिअरच्या. गिअर काय असतो हे यांच्या हाताला माहीतच नाही. मला सकाळची एक बॅच काढायची आहे, फक्त मॅन्युअलची. शिकवायला माणूस पाहिजे."

"मला रस्त्यावर बंदी आहे."

"तिथे रस्ताच नाहीये. समोरचं दिसतं ना?"

"समोरचं दिसतं."

"मग झालं. फक्त एक आहे, काका. ही पोरं अनुभव-बिनुभव बघत नाहीत. चालवून दाखवावं लागतं. पुढच्या रविवारी अकरा वाजता सगळ्यांना बोलावतो. तुम्ही मोठ्या स्क्रीनवर ट्रॅकची एक फेरी मारायची, गिअर हाताने. नीट झाली तर सोमवारपासून बॅच तुमची."

"आणि नाही झाली तर?"

"तर चहा पिऊ," यशवर्धन शेव मागून घेत म्हणाला.

गजाननरावांच्या कानात सोमवार तेवढा राहिला. सकाळी उठून कुठेतरी जायचं असलेला सोमवार.

मंगळवारी ते तिथे पोचले. सकाळच्या वेळी जागा रिकामी असायची. सीटवर बसून त्यांनी हात नेला आणि थबकले.

"गिअर उजव्या हाताला?"

"परदेशी गाडी आहे. तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो."

ते हसले. चौतीस वर्षं डावीकडून उजवा हात लांबवून ते लोकांचे चुकलेले गिअर सरळ करत आले होते. आपल्या बाजूलाही कुठे तरी स्टीअरिंग असतं, हे त्यांना ऐकून माहीत होतं. आता ते समोर होतं, काळं, जाड, दोन्ही हातांत मावणारं.

हात खूश होते. घोळ पायांनी केला. त्यांच्या बाजूला कधी ॲक्सिलरेटर नव्हताच. उजवा पाय इतकी वर्षं फक्त ब्रेकवर टेकून बसलेला. तो पुन्हा पुन्हा तिथेच जाई. गाडी मोकळ्या ट्रॅकवर मध्येच थांबे आणि बाकीच्या गाड्या सूं सूं करत पुढे जात. शिवाय इंजिन जरा गुणगुणलं की ते वरचा गिअर टाकून मोकळे.

"काका, ओरडू द्या तिला. काटा लाल रेघेला लागला की टाका."

"इंजिन मरेल, अरे."

"नाही मरत."

"ऐकवत नाही मला."

वळण आलं तेव्हा त्यांनी घाईने चौथ्यातून एकदम दुसरा टाकला. मागची चाकं अडकली, जग स्क्रीनवर गरकन फिरलं, आणि गाडी उलट्या दिशेला तोंड करून गवतात बसली. फार हिरवं गवत होतं ते. कुणाला काही झालं नव्हतं. तरी गजाननरावांनी उठून पाणी मागितलं आणि ग्लास दोन्ही हातांनी धरला.

बुधवारी गाडी गवतात तीनदा गेली. गुरुवारी एकदाच. उजवा पाय हळूहळू ॲक्सिलरेटरकडे जायला शिकला, आणि गिअर तर असे पडायला लागले, की यशवर्धनने फोनवर त्याचा व्हिडिओ काढला. एकही खडखड नाही, एकही आचका नाही. गजाननराव घरी आले ते जेवताना लोणच्याच्या बरणीने लीलाबाईंना तिसरा गिअर दाखवत होते.

"बरणी खाली ठेवा. तेल सांडेल."

"क्लचवर पाय असला पाहिजे, लीला. सगळं क्लचमध्ये आहे. हात काय, कुणाचाही चालतो."

शलाका पोळी मोडत हसली. "बाबा गेम खेळायला जातात, असं मी स्टाफरूममध्ये सांगितलं. कुणाचा विश्वास नाही बसला."

"रविवारी ये बघायला. अकरा वाजता."

"बघते," ती म्हणाली. गाडीच्या कुठल्याही गोष्टीला तिचं एवढंच उत्तर असायचं.

शुक्रवारी ते फेरीच्या मधोमध असताना डाव्या पोटरीत गोळा आला. कळ एवढी, की त्यांनी पाय पेडलवरून उचलून हवेत धरला. उजवा हात मात्र सवयीने चालूच होता. दुसऱ्यातून तिसरा. गिअर पडला. अगदी अलगद पडला.

त्यांनी पोटरी चोळली. पाय हवेतच ठेवून चौथा टाकला. तोही पडला.

गाडी गवतात जाऊन थांबली तरी ते हलले नाहीत. मग पायाकडे बोट दाखवून म्हणाले, "यशवर्धन, हे पेडल जोडलेलं आहे ना?"

"जोडलेलं आहे ना, काका." तो काउंटरवरून आला आणि ओशाळला. "मी ऑटो क्लच ऑन ठेवला होता. गिअर तुम्ही टाकता, क्लच गेम स्वतः दाबून घेतो. पहिल्या दिवशी तुम्ही फार परेशान होत होते, म्हणून."

"मला न सांगता?"

"तुम्ही पण कुठे सांगितलं होतं?"

"मी?"

"लालबागेला. पहिले पंधरा दिवस क्लच तुम्हीच दाबायचे ना. परीक्षेच्या दिवशीपण, चढावर. मला पेडल खाली जाताना कळायचं."

"कळायचं, तर बोलला का नाहीस?"

"गाडी मस्त चालायची, काका," यशवर्धन सहज म्हणाला. "कोण बोलणार?"

खाली रस्त्यावरून राऊची बस गेली आणि काचा थरथरल्या. गजाननराव पेडलकडे पाहत होते. तीन दिवस त्यांनी ते मनापासून दाबलं होतं. घरी बरणी हातात धरून त्याचं कौतुक केलं होतं.

"बंद कर तो," ते म्हणाले.

ऑटो क्लच बंद केल्यावर गाडी जागच्या जागी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. खऱ्या गाडीत क्लच कुठे पकडतो हे सीटखालच्या थरथरीवरून त्यांना झोपेतही कळलं असतं. ही सीट मुकी होती. फक्त आवाज होता आणि एक काटा. बारा वेळा बंद पडल्यावर ते उठले आणि जिना उतरले. बसमध्ये बसवेना म्हणून दोन थांबे आधीच उतरले, आणि उरलेला रस्ता उन्हातून चालत आले, भराभर, कुणीतरी वाट बघत असल्यासारखे.

शलाका शाळेतून येऊन वह्या तपासत बसली होती. ते तिच्यासमोर उभे राहिले. बसले. पुन्हा उठले.

"महू नाक्यावर," ते म्हणाले, "पहिल्यांदा बंद पडली, तेव्हा क्लच किती सोडला होतास?"

तिने पेन खाली ठेवलं. नऊ वर्षांत हा प्रश्न घरात कुणी विचारला नव्हता.

"आठवत नाही बाबा. मला माहीतच नव्हतं तो कुठे पकडतो. तुमच्यासोबत असताना तो आपोआप पकडायचा."

"हे तू तेव्हा सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं ना," शलाका म्हणाली, आणि पुढची वही ओढली.

त्यांनी ते वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं. तुमच्याशिवाय ती गाडी चालतच नाही. शब्द तेच होते. किती मांडवांत, किती पंगतींत त्यांनी ते सांगितलं होतं, आणि शलाका तेव्हा तिथेच कुठेतरी वाढायला उभी असायची.

शनिवारचा दिवस ते बंद पडण्यात घालवून आले. फेरी एकदाच पूर्ण झाली.

रविवारी अकराला वीसेक मुलंमुली जमली. कुणी जिन्यावर, कुणी खुर्चीच्या पाठीवर. गजाननरावांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, क्लासच्या दिवसांतला. यशवर्धन त्यांच्या कानाशी वाकला.

"काका, ऑन करू? कुणाला कळणार नाही."

"तू एकटा केव्हा शिकलास? माझ्यानंतर?"

"मामाच्या जीपवर. दोन महिने लागले. एक फाटक तोडलं."

"राहू दे बंद."

दिवा हिरवा झाला. सगळ्या गाड्या निघाल्या, आणि त्यांची आचका देऊन बंद पडली. मुलं हसली. दुसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "अंकल, पेट्रोल तो है ना?" त्यावर सगळेच हसले. गजाननरावांचे कान तापले. उद्याचा सोमवार त्यांना या खोलीतून उठून निघताना दिसत होता. त्यांनी डोळे मिटले, कारण दिसण्याचा इथे उपयोग नव्हता, आणि टाच केसभर उचलली. इंजिनाचा आवाज खोल गेला, दबला, आता विझतो असं वाटलं. तिथेच त्यांनी टाच धरून ठेवली. आवाज परत वर आला. गाडी चालायला लागली होती.

पहिला ओरडेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग दुसरा, तिसरा. एका सरळ रस्त्यावर उजव्या पायाने उगाचच ब्रेक लावला, पण परत जागेवर आला. मोठं वळण आलं. चौथ्यातून तिसरा, मग दुसरा, एकेक पायरी उतरावी तसे, दर पायरीला क्लच पूर्ण खाली. गाडी वळली, आणि फिरली नाही.

फेरीला दोन मिनिटं एकावन्न सेकंद लागले. मुलं ती दोनच्या आत मारत. टाळ्या वाजल्या नाहीत. बरेच जण फोन काढून बसले, काही जिना उतरून गेले. यशवर्धन काउंटरमागे उगाच वायरी सारख्या करत होता. चहाच प्यायचा आहे, हे गजाननरावांना कळलं.

तेव्हा पुढे बसलेली निधी नावाची मुलगी म्हणाली, "अंकल, बड़े मोड़ पे आपकी गाड़ी घूमी क्यों नहीं? मेरी तो हर बार घूम जाती है."

"चौथे से सीधा दूसरा डालती होगी."

"हाँ."

"मैंने भी वही किया था. तीन दिन घास में बैठा."

ती हसली, पण या वेळचं हसणं वेगळं होतं. दुसऱ्या एकाने विचारलं, पहिल्या दोन वेळा गाडी का बंद पडली आणि तिसऱ्यांदा का नाही. गजाननराव खुर्ची वळवून सांगायला लागले. क्लच कुठे पकडतो ते मी सांगू शकत नाही, म्हणाले, आवाज बसतो तिथे थांबा, आणि बंद पडली तर पडू द्या, मी शेजारी उभा राहीन, हात लावणार नाही. चार जणांनी नावं दिली. यशवर्धनने वायरी सोडल्या.

"उद्या साडेसातला, काका. चार तर चार."

गर्दी पांगल्यावर त्यांना दाराशी शलाका दिसली. हातात हेल्मेट. केव्हा आली होती, कळलं नाही; ती त्यांच्या गेलेल्या बाजूला उभी होती.

"दोनदा बंद पडली तुमची," ती म्हणाली.

"काल तीस वेळा पडली होती."

तिने हेल्मेट खाली ठेवलं, ओढणी खांद्यावर आवळली आणि सीटवर बसली. यशवर्धन लगबगीने पुढे आला. "ताई, थांबा, ऑटो क्लच लावून देतो."

शलाकाने वडिलांकडे पाहिलं.

"नको," गजाननराव म्हणाले. ते तिच्या डावीकडे जाऊन उभे राहिले होते. दुसरी बाजू त्यांना सुचलीच नसती.

गाडी बंद पडली. खाली फरशीवर त्यांचा पाय दाबला गेला होता.

"बाबा, पाय."

त्यांनी तो उचलला आणि शेजारच्या खुर्चीच्या दांड्यामागे अडकवला. गाडी पुन्हा बंद पडली. महू नाक्यावरचे हॉर्न त्यांना ऐकू येत होते. तेव्हा ते तिथे नव्हते, तरी येत होते. अजून जरा हळू, असं ओठांवर आलेलं त्यांनी गिळलं. तिसऱ्यांदाही बंद पडली. शलाकाने कपाळ पुसलं, चावी फिरवावी तसं बटण दाबलं, आणि या वेळी आवाज बसला तिथे तिचा पाय थांबला. थांबून राहिला. गाडी सरकली.

मग पहिल्या गिअरमध्येच गाडी ओरडत निघाली. काटा लाल रेघेला लागला, लागून थरथरत राहिला. यशवर्धन काही सांगायला तोंड उघडत होता. गजाननरावांनी त्याचा दंड धरला. पाय दांड्यामागे घट्ट होता, पोटरीत पुन्हा गोळा येऊ लागला होता, आणि ते तसेच उभे होते, तिला ते ओरडणं केव्हा ऐकू येतंय याची वाट बघत.